काशीराम घाडीगावकरांची कान्हेरी डोंगरावरील अस्वल-मोहीम

प्रथम वंदन डोंगरास, कारण तो जागचा हलत नाही. मग वंदन वाटेस, कारण तिच्यावाचून माणसास चुकता येत नाही. आणि मग थोरामोठ्यांस वंदन करोन हा मजकूर लिहिला जातो. शके एकोणीसशे आठ, क्षयनाम संवत्सरी, माघ मासी, मुंबई बंदराच्या उत्तरेस, कांदिवली परगण्यातील चारकोप कसब्यात जी मोहीम उभी राहिली, जी चालोन गेली आणि जी फत्ते होऊन परतली, तिची हकीकत लोकांच्या तोंडी नाना प्रकारे फिरते. कोणी अस्वले दोन सांगतात, कोणी त्यांतील एक पांढरे होते ऐसे शपथेवर सांगतात. ते सर्व वाढीव. येथे घडले तेवढेच लिहिले आहे, आणि घडले ते पुरेसे आहे.

ऐशियास, या मोहिमेचे सरदार राजश्री काशीराम बिन धाकू घाडीगावकर. मूळचे मालवण तर्फेचे, पोटामागे परळास येवोन गिरणीत साचेखात्याचे जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम, जाहले, आणि त्यांचा दरारा असा की त्यांची शिटी वाजली म्हणजे धावता धोटादेखील थबके, ऐसे ते स्वतः सांगत. मग संपाचे मोठे युद्ध जाहले, गिरणीचे राज्य बुडाले, आणि काशीरामांनी चारकोपच्या नव्या वसाहतीत चार भिंती उभ्या करोन औद्योगिक वसाहतीच्या फाटकावर रखवालदारांचे नाईक म्हणोन दुसरी दौलत स्थापिली. साचे गेले, शिटी राहिली. ती त्यांच्या गळ्यात अष्टौप्रहर असे, आणि पोटाचा विस्तार मोठा असल्याने ती लोंबत नसे, निजलेली असे.

त्यांचे कुटुंब मालनबाई. राज्य काशीरामांचे आणि कारभार मालनबाईंचा, ऐसी वाटणी लग्नाच्या साली ठरोन गेली होती. एकुलती कन्या जानकीबाई, नळाच्या तोट्या बनविणाऱ्या कारखान्यात टेलिफोन उचलीत, बोलण्यात चलाख आणि निश्चयात पक्क्या. त्या कारखान्याचा विजेचा मीटर वाचावयास नंदकिशोर परब नावाचा तरणा महिन्यातून एकदा येई, मग दोनदा येऊ लागला, आणि मग मीटरकडे न बघताच आकडा लिहू लागला, तेव्हा जानकीबाईंनी त्यास ताकीद दिली की मनात जे आहे ते घरी येऊन बाबांसमोर बोल, इथे विजेचा खोळंबा करू नकोस. तो बोलावयास आला, आणि येथेच घात जाहला.

वसाहतीत टायगर नामक एक कुत्रा होता, अंगाने मांजराएवढा आणि आवाजाने बैलाएवढा. मीटर वाचणाऱ्याच्या धंद्यात कुत्रा हा नित्याचा गनीम, आणि गनीम दिसताच आधी उंच जागा गाठावी, विचार वर बसोन करावा, ही त्या धंद्याची पहिली शिकवण. काशीरामांनी दार उघडले तेव्हा भावी जावई पेढ्यांचा पुडा छातीशी धरोन कुंपणाच्या भिंतीवर उकिडवा बसला होता, आणि खाली टायगर शेपूट हलवीत होता. काशीरामांनी आधी कुत्र्याकडे पाहिले, मग जावयाकडे पाहिले, आणि उभ्या उभ्या फर्मान सोडिले: "कुत्र्याक बघान भिंतीर चडणारो जावई माका नको."

जानकीबाईंनी उलट खलिता धाडिला की नंदू नाही तर कोणी नाही. घरात तहाची बोलणी बहुत दिवस चालली, आणि या काळात जेवणाची ताटे आपटण्याचा आवाज शेजारच्या सेक्टरापर्यंत जाई. शेवटी मालनबाई मध्ये पडल्या आणि म्हणाल्या की पोराची पारख एका कुत्र्यावरून कशाला, डोंगरावर न्या. कारण कान्हेरीस महाशिवरात्रीची मोठी जत्रा भरते, आणि काशीरामांस गर्दी मानवत नसल्याने ते जत्रेच्या आधीच्या रविवारी सहकुटुंब कान्हेरीमागचा डोंगर चढोन येत, हा त्या घराचा रिवाज होता. काशीरामांनी मिशीस हात घालोन विचार केला आणि अंतिम शर्त सांगितली: "बरा. सपाटीर सगळेच शूर. डोंगरात न्हेतंय तेका. थयसर पाय लावन पळालो नायतर झाडार चडलो, की लगीन मोडला म्हणान समज."

जानकीबाईंनी ती शर्त नंदकिशोरास सांगितली आणि वर पुस्ती जोडली, "नंदू, ऐक. साप येऊ दे, वाघ येऊ दे, तू खालीच राहायचं. कळलं? चढलास तर मी संपले आणि तू पण."

"वाघ येणारेय?" नंदकिशोराने विचारले.

याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली, परंतु ती वेगळ्या खात्यातली म्हणोन कोणी तिचा मोहिमेशी संबंध जोडिला नाही. वसाहतीत एक दरवेशी डफ वाजवीत आला होता, आणि त्याच्यासवे चंपा नावाची अस्वलीण होती, नाकात दोरी आणि गळ्यात लाल मण्यांची माळ. शेजारच्या शेवंतीबाईंची मुलगी झोपेत दचकत असे, म्हणोन मालनबाईंनी पुढाकार घेवोन तिचा इलाज करविला. तो इलाज सर्वांस ठाऊक आहे: ज्यास भय लागले त्यास जमिनीवर उताणे निजवावे, अस्वलिणीने त्याच्या कानात फुंकर मारावी, आणि भय निघोन जावे. चंपाने फुंकर मारिली, मग कपाळास पंजा लावोन सलाम केला, मग पंजा पुढे करोन बसली, आणि काहीतरी गोड मिळेतो जागची उठेना, तेव्हा मालनबाईंनी घरचे खाजे आणोन दिले. मालवणचे खाजे, गुळाने आणि आल्याने माखलेले. ते खाल्ल्यावर तिने मालनबाईंस दुसरा सलाम आपखुशीने केला. मग दरवेशी जत्रेच्या रोखाने बोरिवलीकडे गेला, आणि लोक त्यास विसरले.

मोहिमेची तयारी चालू असता पोयसर गावाहून गिल्बर्ट मिस्किटा खबर घेवोन आले. हे गिल्बर्ट काशीरामांचे जुने दोस्त, पोयसरच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतले, भाजीचा मळा राखून असलेले, आणि डोंगराच्या वाटा जाणणारे. त्यांनी ओट्यावर बसोन चहा घेतला आणि सांगितले की लाकडास गेलेल्या बायांनी कान्हेरीच्या वर काहीतरी काळे पाहिले, केसाळ, आणि ते दोन पायांवर उभे राहिले.

"अस्वल?" काशीरामांनी विचारले.

"मग काय, तुझा मेव्हणा?" गिल्बर्ट म्हणाले. "या जंगलात अस्वल नाय रे कधी. पण बाया खोटं कशाला बोलतील? या वर्षी राहू दे, काश्या."

परंतु मागे फिरणे हे घाडीगावकरांच्या रक्तात नव्हते, आणि शिवाय शेजारच्या सेक्टरास मोहिमेची वार्ता आधीच कळली होती. मग ओट्यावर मसलत बसली. गिल्बर्टांनी जो सल्ला दिला तो असा की, जंगलात आवाज करीत चालावे, कारण जनावर आपण होऊन माणसास टाळते, मात्र दचकले तर अंगावर येते. वास सुटेल ऐसे खाणे सोबत नेऊ नये. दिसलेच तर पळू नये, पाठ दाखवू नये, त्याच्याकडे तोंड ठेवोन हळूहळू मागे यावे. "आणि झाडावर तर मुळीच चढायचं नाय," ते म्हणाले, "अस्वल आपल्यापेक्षा भारी चढतं यार. वर गाठलं तर वाट लागली."

हे शेवटचे कलम काशीरामांस बहुत पसंत पडले आणि ते त्यांनी नंदकिशोराकडे बघोन पुन्हा वाचावयास लाविले. बाकीच्या कलमांची मात्र त्यांनी आपल्या अकलेने दुरुस्ती केली. आवाजासाठी गिल्बर्टांच्या घरचे घुमट घ्यावे, लग्नात डफासारखे वाजते ते कातडे ताणलेले मडके, आणि साऱ्या वाटेने ते वाजवीत जावे, हे मंजूर जाहले. खाण्याच्या कलमावर मालनबाईंनी आक्षेप घेतला की खाज्याशिवाय डोंगरावर जाणे हा रिवाजाचा भंग होय, तेव्हा ते कलम रद्द जाहले. आणि हळूहळू मागे येण्याचे जे कलम होते, ते काशीरामांनी भ्याडपणाचे म्हणोन खोडिले आणि त्याच्या जागी लहानपणी शाळेत पाठ केलेला धडा घातला: दोन मित्र वनात गेले, अस्वल आले, एक मित्र दुसऱ्यास टाकोन झाडावर चढला, दुसरा मेल्याचे सोंग घेवोन पडला, अस्वलाने त्याच्या कानाशी तोंड नेले आणि ते निघोन गेले. काशीरामांची शाळा चौथीत सुटली होती आणि ध्यानात राहिलेला धडा हा एकच होता, म्हणोन त्यावर त्यांची श्रद्धा मोठी.

सबब हुकूम जाहला की, अस्वल दृष्टीस पडताच सरदार शिटी वाजवतील, आणि शिटी ऐकताच समस्तांनी जागच्या जागी मरावे.

मग वसाहतीच्या चौकात कवायत सुरू जाहली. संध्याकाळी काशीराम शिटी फुंकीत आणि सैन्य मरे. नंदकिशोर चांगला मरे. तो पडला की टायगर येवोन त्याचे तोंड चाटी आणि तरी तो हलत नसे, हे काशीरामांनी पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले. मालनबाई मरताना आधी पदर सारखा करीत, मग जागा झाडीत, आणि पडल्यावरही कारभार चालू ठेवीत. "जानके, गॅसावर डाळ ठेवलंय, बघ गो जरा."

"अगो, मेलेला माणूस बोलता?" काशीराम गर्जले.

"मगे डाळ करपली तर जित्या माणसांनी काय खावचा?" मृत मालनबाईंनी विचारले.

पोस्टमन टपाल घेवोन आला, त्याने चौकात पडलेली माणसे पाहिली आणि तो टपाल फाटकातच ठेवोन परत गेला. त्या दिवसापासोन चारकोपात विषबाधेची अफवा उठली ती पुढे आठवडाभर शमली नाही.

मग रविवार उजाडला आणि फौज निघाली. निघण्यापूर्वी काशीरामांनी रिवाजाप्रमाणे गाऱ्हाणे घातले. मालवणी मुलखात हे गाऱ्हाणे ठाऊक नाही ऐसा माणूस नाही: एकाने देवास हाक मारोन मागणे मागावे, आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्यास हुंकार द्यावा. काशीरामांनी नारळ ठेवोन ग्रामदेवतेस बजाविले की ही लेकरे डोंगरात जातात त्यांची राखण कर, आणि समस्त फौज एका तोंडाने गर्जली, "व्हय म्हाराजा!" गिल्बर्ट छातीवर क्रूस करोन तेच गर्जले. हा हुंकार लहानपणापासोन जिभेस असा बसलेला असतो की तो द्यावा लागत नाही, तो जातो. वाचकांनी हे ध्यानी ठेवावे.

बिनीस गिल्बर्ट घुमट वाजवीत, मध्ये खासे सरदार काठी घेवोन, त्यांच्यामागे जानकीबाई, मग खाज्याचा डबा आणि मालनबाई, आणि पिछाडीस नंदकिशोर सर्वांच्या पाण्याच्या बाटल्या वाहत, ऐसी रचना होती. बोरिवलीचे फाटक ओलांडिले, कान्हेरीच्या लेण्यांपाशी थोडा दम घेतला, आणि मग लेण्यांच्या वरची वाट धरोन डोंगरमाथ्याकडे कूच केले. घुमटाचा आवाज डोंगरात घुमे, आणि माकडे, पक्षी व एक प्रेमी युगुल ऐसे सर्व जीव पळोन गेले, म्हणोन काशीरामांनी तोफखान्याची तारीफ केली. परंतु डफाच्या आवाजाने पळणारे जीव असतात तैसे डफाच्या आवाजाने येणारेही असतात, हा विचार त्या फौजेत कोणी केला नाही.

माथ्यावर एक पठार होते, गवत वाळोन पिवळे जाहलेले, आणि पठारावर एकच झाड. त्याच्या सावलीत मुक्काम पडला. पाणी सरले होते, म्हणोन गिल्बर्ट घुमट तेथेच ठेवोन रिकाम्या बाटल्या घेवोन लेण्यांच्या टाक्याकडे उतरले. मालनबाईंनी डबा उघडिला आणि गुळाआल्याचा वास वाऱ्यावर निघाला. काशीराम नंदकिशोरास पहाड आणि मर्द यांविषयी चार गोष्टी ऐकवीत होते, आणि तो सारखा होकार देत होता, आणि जानकीबाई तोंडास पदर लावोन हसत होत्या, इतक्यात पठाराच्या कडेचे गवत हलले.

आधी डोके दिसले, मग खांदे, आणि मग सर्व काळेपणा वर येवोन दोन पायांवर उभा राहिला.

काशीरामांनी शिटी तोंडास लाविली. या क्षणी शिटी वाजली की नाही याविषयी दोन पाठ आहेत. काशीरामांचा पाठ की ती वाजली. बाकी सर्वांचा पाठ की फक्त वारा आला. परंतु कवायत पक्की होती, म्हणोन वाऱ्यावरच मालनबाई पडल्या, जानकीबाई पडल्या, आणि किंचित उशिराने नंदकिशोर पडला. सर्वांनी डोळे घट्ट मिटिले. काशीरामांचे पुढे काय जाहले, ते आपल्या अंगाचा विस्तार घेवोन कोणत्या मार्गे आणि कोणत्या बळे गेले, हे इतिहासास ठाऊक नाही, कारण पाहणारे सर्व त्या वेळी मृत होते. फांद्या मोडल्याचा आवाज आला आणि काठी जमिनीवर पडली, एवढेच निश्चित.

गनीम चालोन आला. तो घुमटापाशी थांबला आणि त्याने ते हुंगले. मग त्याने रांगेत उताणी निजलेली माणसे पाहिली, आणि तो थेट नंदकिशोरापाशी गेला आणि त्याने आपले तोंड त्याच्या कानाशी नेले. नंदकिशोराच्या कानात गरम वारा शिरला. त्याचे पाय पळू पाहत होते, हात झाडाकडे जाऊ पाहत होते, आणि मनात जानकीबाईंचा शब्द होता की चढलास तर मी संपले. तो हलला नाही. जानकीबाईंनी न बघता हात लांबविला आणि त्याची करंगळी धरोन ठेविली.

मग गनीम जानकीबाईंच्या कानाशी गेला, आणि मग मालनबाईंच्या. तेवढ्यात आभाळातून एक कापरा आवाज आला.

"बा देवा रवळनाथा! आज ही तुझी लेकरां ह्या डोंगरात अडाकली आसत, तेंची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" खाली पडलेले तिन्ही मृत एका तोंडाने गर्जले.

बोलून गेल्यावर त्यांस कळले की आपण बोललो. अस्वल दचकोन मागे झाले. आभाळातील आवाजास मात्र थांबता येईना, कारण गाऱ्हाणे अर्धे सोडणे हे मोठे पाप. "आनि ह्या जनावराक इल्या वाटेन परत धाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," मृत पुन्हा म्हणाले, या वेळी अंमळ हळू.

मालनबाईंस वाटले की आपण खरेच गेलो आणि हा वरचा दरबार, परंतु वरच्या दरबारी आपल्या धन्याचा आवाज कसा, हे न उलगडोन त्यांनी एक डोळा उघडिला. समोर लाल मण्यांची माळ होती. त्यांनी दुसरा डोळा उघडिला. अस्वलाने कपाळास पंजा लाविला, सलाम केला, खाली बसले आणि पंजा पुढे केला.

"गे बाय माझे!" मालनबाई ताडकन उठोन बसल्या. "ही तर चंपा! जानके, ऊठ गो. मेल्या नंद्या, ऊठ. खाजा दे तिका, खाजा!"

नंदकिशोराने बसल्या बसल्या डबा पुढे सरकविला, आणि चंपा चवीने खाऊ लागली. इतक्यात पठाराच्या कडेवर गिल्बर्ट आले आणि त्यांच्यामागे धापा टाकीत दरवेशी. तो बिचारा दोरी तुटल्यापासोन तिला रानात शोधीत होता, आणि घुमट ऐकोन त्यास वाटले की कोणी दुसरा दरवेशी तिला नादी लावीत आहे, म्हणोन तो आवाजाच्या रोखाने येत असता टाक्यापाशी गिल्बर्टांस भेटला होता. त्याने निजलेल्या जागा पाहिल्या, कानास हात लावोन बसलेला नंदकिशोर पाहिला, आणि त्याचा संताप अनावर जाहला.

"मेरे पीछे इलाज करवा लिया?" तो म्हणाला. "तीन-तीन आदमी का? पहले मेरेको पूछना मंगता था ना!"

मालनबाईंनी त्यास पाणी दिले, खाजे दिले आणि शांत केले. मग सर्वांनी एकमेकांकडे पाहिले, आणि मग सर्वांनी सावकाश माना वर केल्या.

राजश्री काशीराम झाडाच्या बेचक्यात होते. दोन्ही हातांनी त्यांनी खोडास मिठी मारिली होती आणि शिटी पाठीवर गेली होती.

"मी टेहळणीक इल्लंय," ते वरून म्हणाले.

"टेहळणी?" मालनबाई म्हणाल्या. "झाडाक मिठी मारून?"

"वारो आसा हय."

गिल्बर्ट खाली गवतात बसले आणि डोळ्यांतून पाणी येईतो हसले. मग त्यांनी डोळे पुसले आणि जो प्रश्न शाळेत गेलेला कोणीही माणूस विचारील तोच विचारिला. "काय रे नंदू, अस्वल तुझ्या कानात काय बोललं रे? धड्यातला मित्र काय सांगतो, आठवतंय ना?"

पठारावर हसू थांबले. धड्याचे उत्तर चौथीपर्यंत शिकलेल्या प्रत्येकास पाठ होते: संकटात टाकोन झाडावर चढतो त्याची संगत धरू नकोस. ते उत्तर नंदकिशोराच्या जिभेवर आयते ठेविलेले होते. ज्याने त्यास भिंतीवरून भ्याड ठरविले तो आता फांदीवर होता, आणि एका वाक्यात सारे उसने फिटले असते. मात्र ते वाक्य बोलल्यावर काशीराम झाडावरून उतरले असते, पण त्या वाक्यावरून जन्मात उतरले नसते, आणि जानकीबाईंचे लग्न त्याच फांदीवर टांगलेले राहिले असते. जानकीबाईंनी त्याची करंगळी सोडिली. वर काशीरामांनी डोळे मिटिले.

नंदकिशोराने झाडाकडे एकवार नीट पाहिले, धंद्याच्या नजरेने.

"म्हणालं," तो म्हणाला, "तुझे सासरे तुमच्यासाठी टेहळणीला एकटे वर गेलेत, त्यांना हळू उतरव. आणि डावी फांदी धरू देऊ नकोस, ती सुकलीय."

चंपा बोटे चाटीत होती.

"अस्वलान 'सासरे' म्हटल्यान?" काशीरामांनी विचारिले.

"हो."

"तसाच म्हटल्यान?"

"अगदी तसंच."

काशीरामांनी खोडावरची मिठी किंचित सैल केली. मग म्हणाले, "मगे जनावर खोटा कित्याक बोलात?"

येथे लग्न ठरले. परंतु उतरणे राहिले होते, आणि ते चढण्याहून बिकट. चढणे भयाच्या जोरावर होते, उतरण्यास विद्या लागते, आणि ती विद्या त्या फौजेत एकट्या नंदकिशोरापाशी होती, कारण साऱ्या उपनगरातील भिंतींवरून आणि पत्र्यांवरून तो महिन्यातून कितीदा तरी उतरत असे. तो खोडापाशी उभा राहिला आणि म्हणाला, "खाली बघू नका. उजवा पाय सोडा. सोडा ना. माझ्या खांद्यावर द्या. आता डावा. डावी फांदी नको म्हटलं ना!" सरदारांचे सारे वजन त्याच्या खांद्यावर आले आणि तो गुडघ्यात वाकला, पण उभा राहिला. काशीरामांचे पाय जमिनीस लागले, त्यांनी शिटी पाठीवरून पोटावर आणिली, अंगावरचा पालापाचोळा झाडिला, आणि पहिला हुकूम दिला की आता निघावे, उन्हे चढली.

परतीच्या वाटेवर काशीराम नंदकिशोराच्या खांद्यावर हात ठेवोन चालले, उतार आहे म्हणोन. चंपा दरवेश्याबरोबर पुढे होती. लेण्यांपाशी मालनबाई पाय धुवावयास थांबल्या, तेव्हा जानकीबाईंनी नंदकिशोरास बाजूस नेवोन विचारिले, "तू खरंच झोपून राहिलास रे! मला वाटलं होतं, तू आधी चढशील."

"मी बघितलं ना झाडाकडे," नंदकिशोर म्हणाला. "झाड एकच होतं यार. आणि ते भरलेलं होतं."

जानकीबाईंनी आजूबाजूस पाहिले. "हे कुणाला सांगायचं नाही," त्या म्हणाल्या. "मेल्यावर पण नाही." आणि मग त्यांस इतके हसू आले की त्यांस पायरीवर बसावे लागले.

वैशाखात लग्न जाहले. चारकोपात मांडव पडला, गिल्बर्टांनी पोयसरहून बँड आणिला, आणि काशीरामांनी दरवेश्यास मानाचे निमंत्रण धाडिले, ते त्याने चंपासहित स्वीकारिले. चंपाने वधूवरांस सलाम केला. काशीरामांनी तिला खाज्याचा पहिला मान आपल्या हातून दिला, म्हणजे हात त्यांचा होता, काठी गिल्बर्टांची होती आणि खाजे काठीच्या टोकास बांधले होते. टायगरही आला होता. तो दिसताच नवरा मुलगा क्षणभर मांडवाच्या खांबाकडे वळला, परंतु सासऱ्यांनी त्याचा हात घट्ट धरिला, आणि तो खालीच राहिला. मग काशीरामांनी गाऱ्हाणे घातले की ह्या जोडप्याच्या वाटेत जे जे काय आडवे येईल ते दूर कर, आणि सारा मांडव गर्जला.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. गनिमाशी तह खाज्यावर जाहला, आपल्या पक्षाचे तीन माणूस कामी आले ते तिन्ही सुखरूप आहेत, आणि मेलेल्यांनी हुंकार दिला हे या प्रांती पहिलेच. राजश्री काशीराम घाडीगावकर प्रसंगी टेहळणीस उंच जागी होते, ऐसे चारकोपात सर्वत्र मानले जाते, आणि तेच येथे कायम केले आहे. त्याविरुद्ध सांगू शकेल ऐसा साक्षीदार एकच, आणि तो अद्याप कान्हेरीमागच्या पठारावर एका मोडक्या फांदीनिशी उभा आहे. त्यास कोणी विचारिले नाही.